विमान उतरेपर्यंत टाळ खाली नाही

देवापुढचे निर्माल्य जसे रोज थोडे थोडे साचते, तसे आमच्या शनिवार पेठेतल्या भजनी मंडळाचे किस्से साचले आहेत. मुलेबाळे विमानाने फिरू लागल्यापासून त्यांतले बहुतेक भीतीचेच! आमचा नेमही त्या भीतीतूनच जन्मला. मंडळातल्या कोणाचे माणूस आकाशात असेल, तर ते उतरल्याचा फोन येईपर्यंत टाळ खाली ठेवायचा नाही.

*

एकदा मालतीबाईंचा मुलगा बंगळूरला निघाला. विमान उतरण्याची वेळ टळून गेली, तरी फोन नाही. आमचे आवाज बसले. मालतीबाई पुन्हा पुन्हा फोन लावू लागल्या. अखेर चिरंजीव बोलले, "आई, केव्हाच पोहोचलो. जेवत होतो."

"सावकाश जेव हो," मालतीबाई म्हणाल्या. "आम्ही इथे तुझ्यासाठी देवाला धरून ठेवले होते, आता सोडतो!"

*

यंदा सुलभाताईंना दिल्लीला जाणे आले. लेकीच्या हृदयाची शस्त्रक्रिया. आईने आदल्या दिवशी पोहोचायलाच हवे. त्यांनी आजवर विमान पाहिले ते गच्चीतून. यजमान अप्पांचे गुडघे सोबत जाऊ देईनात.

आमचे नाना भूगोलाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली. "अंतर बाराशे किलोमीटरच्या आत, वेग ताशी आठशे. म्हणजे दीड तास. तिकिटावर मात्र दोन तासांहून अधिक!"

"मग उरलेला वेळ विमान असते कोठे?" अप्पांनी विचारले.

नानांनी पट्टी उचलून पुन्हा मोजले.

*

नानांनी थेट विमानतळावर फोन लावून चौकशी केली.

"आजोबा, थोडा वेळ धावपट्टीकडे जाण्यात जातो, थोडा रांगेत," फोनवरची मुलगी म्हणाली.

"रांग जमिनीवरच ना?"

"वरही असते की! उतरायला जागा नसली, तर विमान घिरट्या घालते."

नानांनी फोन ठेवला आणि आम्हांस बजावले, "अप्पांना यातले अक्षर सांगू नका!"

अप्पा त्यांच्या मागेच उभे होते.

*

सुलभाताईंनी पर्समध्ये तीर्थाची बाटली घेतली होती. विमानतळावर तपासणीला बसलेल्या बाईंनी ती अडवली. ताईंनी आतून फोन करून सांगितले, "पाणी नेता येत नाही म्हणाल्या. मी म्हटले, मग आपणच घ्या. त्यांनी हात पुढे केला हो! ते असू दे. भजन सुरू केलेत ना?"

आवाज स्थिर होता. अप्पांनी टाळ जवळ ओढले.

*

विमान उडाले, टाळ वाजू लागले. पेटीवर रशीदभाई, समोरच त्यांचे पेट्या दुरुस्त करण्याचे दुकान. त्यांच्या मोबाईलवर विमानाची रेघ दिसत होती. दिल्लीपर्यंत सरळ गेलेली ती रेघ एकाएकी गोल फिरू लागली. तिकडे धुळीचे वादळ उठले होते.

एक फेरी. दुसरी. पुन्हा तीच. मनगटे भरून आली, अभंगातले शब्द चुकू लागले.

"अप्पा," रशीदभाई हलकेच म्हणाले, "आपण भजन संपवत नाही, म्हणून तर ते उतरत नसेल?"

बोलले थट्टेत, पण आम्ही ते खरेच धरले. थांबावे तर नेम मोडतो. न थांबावे तर... आम्ही सारे अप्पांकडे पाहू लागलो. माणूस त्यांचे होते.

अप्पा भिंतीला धरून उठले. त्यांनी निरांजन लावले. "भजन पुरे, पण टाळ हातातच ठेवा. आरती म्हणा."

दुसऱ्याच कडव्याला फोन वाजला. अप्पांनी निरांजन डाव्या हातात घेऊन तो उचलला.

"अहो, उतरले मी. पण आरती चालू असताना फोन कसला उचलता? आधी ती पुरी करा!"