फोईचा शेठ

जगातली प्रत्येक गोष्ट मुळात फुगाच असते, अशी आमच्या फोईची पक्की समजूत होती. कुकर, चिकू, पुरी, माणूस, राजकीय पक्ष, सगळं एकाच जातीचं. कुठे हवा जास्त, कुठे कमी, आणि कुठे तरी कोणालाच न दिसणारं एक बारीक भोक. ते भोक फोईला दिसायचं. तिने उभं आयुष्य डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढलं होतं. आलेला फुगा ओढायचा, उजेडात धरायचा, फुंकायचा, गालाजवळ नेऊन हवा लागते का ते बघायचं, आणि मग पास किंवा रद्द. निवृत्तीनंतर टेबल सुटलं, पण तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याचा टोमॅटो असो की नव्या सुनेचा स्वभाव, फोई आधी तो मनातल्या मनात उजेडात धरायची आणि मग निकाल द्यायची.

ती माझी कोणी लागत नव्हती. गुजरातीत आत्याला फोई म्हणतात, आणि ती आळीतल्या लहानथोर सगळ्यांचीच फोई होती. २०१५ मध्ये मी कॉलेजसाठी डहाणूला आले आणि तिच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. आमचं घर सायवनच्या पुढच्या एका पाड्यावर. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून खोली बघायला बाबा, काका आणि शेजारचे एक आजोबा असे तिघेजण आले होते, आणि तिघांनीही लग्नाला जातात तसे इस्त्रीचे शर्ट घातले होते. फोईने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ माझ्यापाशी आली, माझा दंड दोन बोटांत धरून दाबला आणि म्हणाली, "हवा कमी आहे. भरेल." बाबांनी गोंधळून मान हलवली आणि माझी खोली ठरली. मी तिला "तुम्ही" म्हटलं तर ती चिडली. "फोईला कोण तुम्ही म्हणतं? मी काय तहसीलदार आहे?"

कारखान्यातून तिने रद्द झालेले फुगे पोत्याने घरी आणले होते आणि ते घरभर कामाला लावले होते. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फुगा, छत्रीच्या टोकाला फुगा, टीव्हीचा रिमोट अख्खा फुग्यात. दार आपटू नये म्हणून कडीलाही फुगाच गुंडाळलेला. परीक्षेच्या वेळी तिने माझ्या पेनला निळ्या फुग्याचा तुकडा चढवून दिला होता, बोटं दुखू नयेत म्हणून. बाजूच्या पोरीने पेन मागितलं की मी संकोचाने हात मागे घ्यायचे, पण बोटं खरंच दुखली नाहीत. दिवाळीच्या फटाक्यांचं फोईला काही वाटत नसे. वाढदिवसाला एखाद्या पोराचा फुगा फुटला की मात्र तिचा चेहरा उतरायचा. "कुठल्या शिफ्टचा माल होता कोण जाणे," म्हणायची.

आणि फोई कधी चुकत नसे. म्हणजे चुका व्हायच्या, पण त्या दुसऱ्या कोणाच्या तरी असायच्या. डाळ खारट झाली तर नव्या पुडीतलं मीठ जास्त खारट निघालेलं असायचं. एकदा ती नरपडला जायला निघाली आणि भलत्याच एसटीत बसून गंजाडला पोचली. परत आल्यावर मी विचारलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "ड्रायव्हर रस्ता चुकला." भरलेल्या गाडीतल्या इतर लोकांना गंजाडलाच जायचं होतं, ही गोष्ट तिने मनावर घेतली नाही.

या घरात माझ्याआधीपासून एक भाडेकरू होता. फोईचा भाचा वापीहून एक गिनीपिग घेऊन आला, त्याला पुढे सुरतेला नोकरी लागली, आणि "फोई, दोन दिवस ठेव" म्हणून तो पिंजरा ओट्यावर ठेवून जो गेला तो गेलाच. पांढरा-तपकिरी, बिनशेपटीचा, बटाट्याच्या आकाराचा प्राणी. दिवसभर बसून खायचा आणि कोणी जवळून गेलं की वर न बघता खात राहायचा, म्हणून फोईने त्याचं नाव शेठ ठेवलं. सकाळी ती आतून ओरडायची, "शेठ, चहा झाला, तुम्ही काय घेणार?" आळीत नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं होतं, "फोईंचे मिस्टर कधी बाहेर दिसत नाहीत, आजारी असतात का?"

शेठला प्लास्टिकची पिशवी वाजलेली ऐकू आली की तो अशी लांब शिट्टी मारायचा की समोरच्या घरातल्या काकू गॅस बंद करायला धावायच्या. फोईला ती शिट्टी फार पसंत होती. "वॉशर टाईट आहे ह्याचा," असं कौतुकाने सांगायची. पण कोणी म्हटलं, फोई, तुझा लळा लागला त्याला, तर ती लगेच हात झटकायची. "माझा कुठे? भाच्याचा आहे. आला की घेऊन जाईल."

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी भातकापणीसाठी घरी गेले होते. परत आले तेव्हा ओट्यावर शेठची पाण्याची बाटली धुऊन उलटी टाकलेली दिसली. पिंजऱ्यात शेठ अंग फुगवून कोपऱ्यात बसला होता. पुढे ढोबळी मिरची तशीच पडलेली. मी मुद्दाम पिशवी वाजवली, पण शिट्टी आली नाही. खालच्या कापडावर लालसर डाग होते.

"उन्हाळी लागली आहे त्याला," फोई म्हणाली. "थेंब थेंब करतो आणि रडतो."

"आणि बाटली?"

"काढली. पोरी, दीकरी, फुगा गळतोय ना त्याचा. गळक्या फुग्यात कोणी भरतं का? आधी सुकू दे. सुकला की भोक धरतं."

ती हे इतक्या खात्रीने बोलली की मला क्षणभर ते खरंच वाटलं. तिने आयुष्यभर जे केलं त्याला धरूनच होतं ते. आमच्याकडे उन्हाळी लागली की धन्याचं पाणी पाजतात, शहाळं देतात, ताडगोळे देतात, एवढंच मला माहीत होतं. मी चाचरत म्हटलं, "फोई, पाणी द्यायला हवं बहुतेक."

"बहुतेक? तू बी.कॉम. करतेस की डॉक्टरकी?"

मी बाटली भरून पिंजऱ्याला लावली. फोईने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. शेठ मात्र बाटलीकडे गेलाच नाही. फोई पिंजऱ्यासमोर बसून राहिली. थोड्या वेळाने तिने स्वतःच चपला घातल्या. "चल, डॉक्टरकडे."

जनावरांच्या दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टरांकडे तलासरीचाही कारभार होता आणि ते तिकडच्या एका गावात लसीकरणाला गेले होते. मग आम्ही टमटममध्ये बसलो. शेठ वेताच्या टोपलीत, टोपली फोईच्या मांडीवर, वर तिचा पदर. समोर एक म्हातारी कोंबडी घेऊन बसली होती. तिने बराच वेळ टोपलीकडे बघून विचारलं, "ससा का गं बाय?"

"शेठ आहे," फोई म्हणाली.

म्हातारीने आणखी वाकून बघितलं. "आजारी दिसतो शेठ."

"हो," फोई म्हणाली आणि तिने टोपलीवरचा पदर नीट केला.

गावात वडाखाली बैलांची रांग लागली होती. लाळ्या-खुरकुताची लस टोचणं चालू होतं. रांगेत आमच्यापुढे दोन बैल, एक म्हैस आणि मागे शेळ्यांचा कळप. आमची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी सवयीने मान वर केली, मग बरीच खाली केली. "ह्याला काय टोचू मी?" ते हसून म्हणाले. पण त्यांनी शेठला हातात नीट घेतलं, पोट चाचपलं आणि त्यांचं हसू गेलं.

"पाणी किती पितो, मावशी?"

"दोन दिवस बंद केलं होतं," फोई म्हणाली. अजूनही तिच्या आवाजात थोडा कामाचा अभिमान होता. "गळत होतं म्हणून."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर फोईने त्यांना सोडलं नसतं. ते अगदी साधेपणाने म्हणाले, "मावशी, हा गळत नाहीये. आत इन्फेक्शन झालंय, आग होते म्हणून थेंब थेंब करतो. पाण्यानेच ते धुऊन निघणार. पाणी नाही मिळालं तर हा जाईल."

मला वाटलं, आता फोई म्हणेल की बाटली खराब होती, की भाच्याने नीट सांगितलं नव्हतं. ती टोपलीची कड धरून उभी होती. "मी काढलं," ती म्हणाली. "हिने नाही. मी काढलं पाणी." मागे शेळ्या ओरडत होत्या, आणि डॉक्टरांना कदाचित ते ऐकूही गेलं नसेल. मी ऐकलं.

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांनी गिनीपिगवर कधी उपचार केले नाहीत. गाईला चालणारी काही औषधं ह्या प्राण्याला विषासारखी असतात, म्हणून त्यांनी मुंबईतल्या आपल्या एका मित्राला फोन लावला आणि विचारून विचारून थेंबांचं औषध लिहून दिलं. बिनसुईच्या सिरिंजने पाणी पाजत राहायचं, जबरदस्ती नको, गालाच्या कडेने. बसायची जागा कोरडी ठेवायची. पालक बंद, ढोबळी मिरची चालू.

मग आमच्या घरात शेठचं आजारपण असं सुरू झालं, जसं काही जावयाचं ऑपरेशन झालंय. मी कॉलेजात जायच्या आधी आणि आल्यावर आम्ही दोघी, मधल्या वेळेत फोई एकटी. ती शेठला टॉवेलात गुंडाळून धरायची, मी गालाच्या फटीतून थेंब सोडायचे. तो अर्धं गिळायचा, अर्धं माझ्या ओढणीवर उडवायचा. शेठ थरथरतो म्हणून फोईने फुग्यात कोमट पाणी भरलं, त्याला जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला आणि तो त्याच्या पोटाशी ठेवला. शेठने आजारपणातही त्याला दात लावले आणि फोईचं लुगडं भिजलं. "चावायला ताकद आहे," ती आनंदाने म्हणाली आणि तेव्हापासून माझी पाण्याची लिमकाची बाटली त्या कामाला लागली.

पिंजऱ्यात ती पांढरी कापडं घालायची आणि दर वेळी कापड काढून ओट्यावर उन्हात दोन्ही हातांनी ताणून धरायची, एक डोळा मिटून, थेट कारखान्यातल्यासारखं. येणारेजाणारे बघत. "काय फोई, काय बघतेस?" तर ही सांगायची, "शेठची लघवी. काल लाल होती, आज गुलाबी आहे." मिरचीवाल्याकडून ती आजाऱ्यासाठी म्हणून एकेक ढोबळी मिरची दाबून, हलवून निवडायची. तो म्हणाला, "फोई, मिरचीने आजारी माणूस बरा होतो हे पहिल्यांदा ऐकलं." फोई म्हणाली, "माणूस असता तर एवढी निवडली नसती."

पण गंमत एवढीच नव्हती. एका दुपारी शेठने काहीच घेतलं नाही. मी घरी आले तेव्हा फोई त्याला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती आणि गुजरातीत हळू आवाजात म्हणत होती, "पाणी पी, दीकरा. थोडुंक पी." मी दारातच थांबले. मला आत जायला संकोच वाटला. मग सिरिंज घेऊन जवळ बसले. तिने शेठचं डोकं अलगद वर केलं, मी एक थेंब सोडला आणि आम्ही दोघी त्याच्या गळ्याकडे बघत बसलो. गळा हलला. फोईने माझ्याकडे बघितलं. "अजून एक," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात एके सकाळी मी बाजारातून पाव आणला, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि शिट्टी झाली. बारीक, चिरकी, पण शिट्टीच. समोरच्या काकू गॅस बंद करायला धावल्या. फोई हातात कापड घेऊन बाहेर आली होती. तिने ते उन्हात धरलं. कुठेच डाग नव्हता. "पास," ती म्हणाली आणि पायरीवर बसून पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर फोईच्या घरातून तहानलेला माणूस बाहेर पडणं अशक्य झालं. पोस्टमन, गॅसचा सिलिंडरवाला, वर्गणीला आलेली पोरं, प्रत्येकाला आधी पाण्याचा तांब्या. नको म्हटलं की ती स्वतःची गोष्ट सांगायची, "मी शेठचं पाणी बंद केलं होतं, मरत होता बिचारा." आधी मिठाला दोष देणारी ही बाई आता अनोळखी माणसालाही हे सांगत होती, काही न लपवता. त्या दिवाळीत भाचा सुरतेहून पिंजरा न्यायला आला. फोईने औषध, सिरिंज, कापडं, सगळं बांधून दिलं आणि सूचना सांगायला बसली. त्या ऐकता ऐकता भाचा हसला. "फोई, उंदरासारखा प्राणी आहे, एवढं काय?" फोईने गाठोडं परत सोडलं. "मग उंदीर इथेच बरा," ती म्हणाली.

मी बी.कॉम. झाले, तलासरीला एका ऑफिसात लागले, खोली सोडली. शेठ त्यानंतरही राहिला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात म्हातारा होऊन, काही दुखणं नसताना गेला. फोईचा फोन आला. त्या रविवारी मी गेले. पिंजरा धुऊन ओट्यावर वाळत ठेवला होता. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मी विचारलं, दुसरा आणायचा का, तर तिने मानेनेच नको म्हटलं.

"ते दोन दिवस तो ओरडत होता," ती म्हणाली. "मी ऐकत होते. मला वाटलं, दुखतंय म्हणून ओरडतोय. तहान लागली असेल असं मनातच आलं नाही गं."

मी जे खरं होतं तेच म्हटलं. "फोई, बरा झाल्यावर पिंजऱ्याचं दार उघडलं की तो तुझ्याकडेच यायचा. औषध मी पाजायचे, पण माझ्याकडे कधी आला नाही. तुझ्याच मांडीत येऊन बसायचा."



"हां," पिंजऱ्याकडे बघत ती म्हणाली. "बसायचा खरा." आणि तिने मांडीवरचं लुगडं हाताने सारखं केलं.