कारवीचा डोंगर आणि भावोजींची पाठ

आमच्या भावोजींना डोंगर चढताना समोरून पाहिलेला माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. पाठीमागून मात्र पुष्कळांनी पाहिलंय. खाकी सॅक, मोज्यात खोचलेली पँट आणि मानेवर चमकणारा घाम, एवढाच माणूस आमच्या वाट्याला यायचा. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. एका लग्नात कुणीतरी ताईला थट्टेनं विचारलं, ‘नवऱ्याचं काय आवडतं गं तुला?’ ती म्हणाली, ‘पाठ. तीच जास्त ओळखीची आहे.’ पंगत हसली. मी हसले नाही, कारण आदल्याच रविवारी मी ती पाठ सकाळभर बघितली होती.

भावोजी अंबडच्या एका कारखान्यात माल तपासणीला होते. आठवडाभर लोकांनी बनवलेला माल नापास करायचा आणि रविवारी माणसं, असा त्यांचा नव्वदच्या दशकातला कार्यक्रम होता. शनिवारी संध्याकाळी फोन यायचा, ‘उद्या पाचला निघतोय. उशीर झाला तर थांबणार नाही.’ मी कुठंही जाताना कोण काय आणणार ते लिहून काढणारी बाई. माझा कागद ते नुसता वरवर बघत आणि म्हणत, ‘वर जाऊन संसार मांडायचाय का?’ मग बँडेज आणि लिंबं तेवढी राहायची, बाकीचं माझ्याच घरी परत जायचं. वाटेत चहाचं नाव काढलं तर ‘चहा उतरल्यावर’ आणि उतरल्यावर ‘आता घरीच घेऊ की’. इगतपुरीच्या रस्त्यावर असे किती चहा मी सोडून दिलेत, त्याचा मला अजून राग आहे. पाणी घोट घोट प्यायचं, कारण पोट भरलं की पाय जड होतात. खायचं ते खिशातले शेंगदाणे, तेही चालता चालता. अजून किती राहिलंय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘हे काय, आलंच.’ हे ‘आलंच’ कधी पुढच्या वळणावर असायचं, कधी पुढच्या डोंगरावर.

वाट विचारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. एकदा एका गुराख्यानं आपण होऊन सांगितलं, ‘दादा, वाट इकडनं हाय.’ भावोजी म्हणाले, ‘माहितीय,’ आणि बरोबर उलट्या बाजूला वळले. आम्ही त्यांच्या मागोमाग एका ओहोळात उतरलो, काट्यांतून ओरबाडून निघालो आणि बऱ्याच वेळानं पुन्हा त्याच गुराख्यासमोर येऊन उभे राहिलो. भावोजी त्याच्याकडे न बघता, त्यानं दाखवलेल्या वाटेनं पुढं चालू लागले. गुराखी ताईला हळूच म्हणाला, ‘ताई, मालक रागावल्यात का कुणावर?’ ताई म्हणाली, ‘नाही हो, खूश आहेत.’

ते कधी थांबतच नसत असं म्हटलं तर अन्याय होईल. थांबत. पुढं जाऊन एखाद्या कातळावर ऐसपैस बसत, घाम पुसत, वारा घेत. आणि सगळ्यात शेवटचं माणूस, म्हणजे ताई, धापा टाकत तिथं पोचलं की उठत. ‘आलीस? चला.’ ज्याला दम लागलेला नाही त्याला भरपूर विश्रांती आणि जिचा जीव घशाशी आलाय तिला अजिबात नाही. मी त्यांना स्पष्ट विचारलं होतं, ‘भावोजी, तुमची विश्रांती होते. आमची कुठं होते?’

‘मग लवकर यायचं,’ ते म्हणाले. त्यात त्यांना काही खोचक बोललो असंही वाटलं नव्हतं.

इगतपुरीच्या पलीकडे, डांबरी रस्ता संपून मोकळ्या वाटेनं बरंच चालल्यावर एक डोंगर येतो. त्यावर गडकिल्ला नाही, देऊळ नाही, म्हणून कुणी फारसं जात नाही. पायथ्याला एक छोटी वाडी आणि वर सगळा उतार कारवीनं भरलेला. एरवी कारवी म्हणजे खरखरीत पानांचं रान. वाडीतले लोक तिच्या काठ्यांचे कूड, म्हणजे घराच्या भिंती, घालतात, शहरातल्या माणसाला ती फक्त ओरखडे देते. पण सात-आठ वर्षांनी एकदा ती फुलते आणि मग डोंगर जांभळा होतो. भावोजी हे सांगत तेव्हा त्यांचा तपासणी विभागाचा आवाज नाहीसा व्हायचा. ताईनं ते लग्नानंतर लगेच ऐकलं होतं आणि तेव्हापासून तिची एकच मागणी होती. मला ती म्हणाली होती, ‘दागिना नको, प्रवास नको. त्या माथ्यावर कारवी फुललेली असताना यांच्या शेजारी थोडा वेळ बसायचंय. बास.’

नव्वदच्या मध्यावर एकदा कारवी फुलली. आम्ही तिघं निघालो. वाडीतली एक म्हातारी म्हणाली, ‘लय आलीय औंदा. माथ्याला मधमाशा नुसत्या.’ ते ऐकून ताई एरवीपेक्षा भरभर चढली. पण भावोजीही भरभर चढले. शेवटचा चढ राहिला असताना समोरून ते उतरताना दिसले. आता डोंगरावर ते समोरून दिसायचे ते फक्त उतरतानाच. म्हणाले, ‘बघून आलो. सुरेख आहे. पण ढग येतोय, आता वर काही दिसायचं नाही. चला खाली.’ आणि खाली निघाले. ताई तिथंच उभी राहिली, वर बघितलं, खाली बघितलं आणि त्यांच्या मागं उतरायला लागली. मी जन्मात कुणाला इतक्या शिव्या दिल्या नसतील, त्याही मनातल्या मनात. परतीच्या जीपमध्ये भावोजी म्हणाले, ‘पुढच्या वेळी बघू की.’ जणू पुढची वेळ म्हणजे पुढचा रविवार.

त्यानंतर ताई रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढू लागली. साडीवरून पंजाबी ड्रेसवर आली, चपलांवरून कॅनव्हासच्या बुटांवर आली. भावोजींना वाटलं बायकोनं वजन मनावर घेतलंय.

दोन हजार साल उलटल्यावर पुन्हा वाडीतून निरोप आला की कारवी फुललीय. या वेळी ताई मागं राहिली नाही. पुढंही गेली नाही, पण त्यांच्या पाठीवरची सॅक तिनं नजरेआड होऊ दिली नाही. आम्ही माथ्यावर आलो तेव्हा भावोजी जेमतेम टेकले होते. कंबरेपर्यंत जांभळी फुलं, सगळीकडे मधाचा दाट वास आणि मधमाशांचा एकसारखा गुंजारव. ते अर्धे उठले, ‘आलीस? चला.’

ताई खाली बसली, डबा उघडला आणि पोळीचा घास भाजीत बुडवून त्यांच्या हातात दिला. ‘एवढा घ्या.’ त्यांनी हातात आलेला घास सवयीनं तोंडात टाकला आणि फसले. भावोजींच्या घराण्यात एक कडक शिस्त आहे. एकदा एकत्र जेवायला बसलं की शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी उठायचं नाही. त्यांच्या वडिलांनी दारात आलेल्या पाहुण्यालाही या शिस्तीपायी ताटकळत ठेवलं होतं आणि भावोजींना त्याचा अभिमान होता.

ताई जेवू लागली. इतकं सावकाश जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पोळीचा कपट्याएवढा तुकडा तोडायचा, त्याला भाजी नुसती दाखवायची आणि चावत बसायचं.

‘आवर,’ भावोजी म्हणाले.

‘जेवतेय ना.’

‘ढग येतोय.’

‘येऊ दे. डब्याला झाकण आहे.’

भावोजी हात वाळवत बसले. आधी पाय हलवत होते, मग बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा फुलांकडे बघू लागले. ढग खरंच आला, दरी पुसली गेली, आमच्याभोवती तेवढी जांभळी फुलं राहिली. बऱ्याच वेळानं ते कुणाकडेही न बघता म्हणाले, ‘जास्त वेळ बसलो ना, की परत उठता येईल असं वाटत नाही मला. आतून भीती वाटते.’

ताईचा हात थांबला. ‘कधीपासून?’

‘पहिल्यापासून.’

‘मग सांगायचं नाही का?’

‘त्यात काय सांगायचं,’ ते म्हणाले. ‘जेव तू.’

ती जेवली. मी फुलं बघतेय असं दाखवत बाजूला झाले. डबा संपला तेव्हा भावोजींना खरंच उठता येईना, पाय आखडले होते. ताईनं हात दिला. उभे राहिले, सॅक चढवली आणि ‘चला’ म्हणून पुढं निघून गेले. या प्रसंगानं माणूस बदलला असं लिहायला मला आवडलं असतं. झालं एवढंच की त्यानंतर डोंगरावर त्यांनी ताईच्या हातून लिंबाची फोडसुद्धा घेतली नाही.

पुढं त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. कारवी मधल्या काळात पुन्हा फुलली, पण घरात कुणी तो विषय काढला नाही. आता दोघं सकाळी गंगापूर रोडवरच्या जॉगिंग ट्रॅकवर जातात. तिथंही भावोजी फाटकातून आत शिरल्याबरोबर पुढं सुटतात. पण ट्रॅक गोल आहे. दर फेरीला ते मागून येतात, ताईला गाठतात, ‘चल, चल’ म्हणतात आणि पुन्हा पुढं जातात. ताई मला म्हणाली, ‘बरं आहे गं हे. डोंगरावर एकदाच भेटायचे. इथं दर फेरीला भेटतात.’

मध्यंतरी मी तिच्याबरोबर गेले होते. गप्पा मारत आमची पूर्ण फेरी झाली, तरी भावोजी मागून आले नाहीत. ताईनं मागच्या वळणाकडे पाहिलं. ते येत होते, पण कुंपणाचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत. मी म्हटलं, ‘थांबू या का त्यांच्यासाठी?’

‘नको,’ ती म्हणाली, ‘थांबलेलं त्यांना कळेल.’ आणि तिनं पावलं आखडती घेतली. गुडघा दुखत असल्यासारखी, मधेच ओढणी नीट करत, ती चालत राहिली, आणि आम्ही दोघी हळूहळू मागं पडलो. अखेर भावोजी शेजारून पुढं गेले. ‘चला, काय रेंगाळताय,’ धाप आवरत ते म्हणाले.

‘आलेच,’ ताई म्हणाली.