सिस्टर परत आल्या तेव्हा

"बसून काय व्हतंय?" असं म्हणत सिस्टर चहा उभ्याउभ्याच संपवायच्या. शिरूर कासारच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, मी औषधं द्यायचो. वाड्यावस्त्यांवर त्या सायकलने जायच्या. ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर थांबवून, त्यातल्या लेकरांना डोस पाजूनच सोडायच्या. अशी बाई तुमच्याही पाहण्यात असेल. तिच्यासमोर खुर्चीत बसायला आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

निवृत्तीनंतर त्या बीडला मुलाकडे आल्या. आमचं घर त्याच गल्लीत. नवरा आधीच गेलेला. एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, सायकलने बोधगयेला जाणार. एकट्या. मुलगा रडकुंडीला आला.

"बुद्ध पायी हिंडले," सिस्टर म्हणाल्या, "मला तर चाकं हायती."

गेल्या आणि धडधाकट परत आल्या. विहारापाशी हार झाले, फोटो झाले. बायका विचारत होत्या, भीती नाही वाटली? झोपलात कुठं? सिस्टर हसून उत्तरं देत होत्या आणि मधूनच गल्लीच्या तोंडाकडे बघत होत्या.

पुढच्याच आठवड्यात भाजी आणायला म्हणून गेलेल्या सिस्टर संध्याकाळी उमापूरहून परतल्या. पिशवी रिकामी.

"अहो, एवढ्या लांब उमापूरला कशाला?" मी विचारलं.

"रस्ता चांगला व्हता, भाऊ. गेले."

"बोधगयेला मन शांत झालं असेल ना?"

त्यांनी जरा विचार केला. "झाडाखाली बसले, तवर बरं वाटलं. मग पाय वळवळाया लागले. आता बी झोपले तरी फिरतेत. घर तेच हाय, सून लई चांगली हाय. पण भिंतीकडं बघितलं की वाटतंय, हिच्या पलीकडं काय हाय?" मग हळूच म्हणाल्या, "माझंच काई बिघडलं असंल का?"



उमापूरच्या प्रकारानंतर मुलाने सायकलला साखळी घालून कुलूप लावलं. सिस्टर भांडल्या नाहीत. गच्चीवर येरझारा घालू लागल्या. खालच्या भाडेकरूने तक्रार केली, तेव्हा चप्पल काढून अनवाणी फिरू लागल्या. जेवण कमी झालं. चेहरा उतरला.

एका दुपारी मुलगा माझ्याकडे येऊन बसला. "काका, ती तिकडं होती तवा मला झोप न्हवती. अनोळखी नंबर आला की पहिल्याच रिंगला उचलायचो. आता ती हितं हाय, तर तिला झोप न्हाई." मग उठला, घरी गेला आणि स्वतःच्या हाताने साखळी काढली.

या खेपेला त्यांनी दक्षिणेची वाट धरली. कुठवर, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मुलगा बीडबाहेरच्या पालीपर्यंत मोटारसायकलवरून त्यांच्या बाजूने चालला होता, मागच्या सीटवर मी. पालीला त्या थांबल्या. सीटवरून उतरल्या नाहीत, एक पाय टेकवून त्याच्या गालावरून हात फिरवला.

"माघारी जा आता. हाफिसाला उशीर होईल."

चढावर त्यांची पाठ लहान होत गेली. मग एक ट्रक आडवा आला आणि त्या दिसेनाशा झाल्या. मी म्हटलं, चल. मुलगा हलला नाही.

"थांबा काका. वळून बघंल ती."

आम्ही उभे राहिलो. बऱ्याच वेळाने टपरीवाल्याने विचारलं, "कुणाची वाट बघताय?"

"कुणाची न्हाई," मुलगा म्हणाला आणि त्याने किक मारली.