हात न टेकता

औषधांच्या डब्यात अर्धवट पाकिटं साठत जातात, तसे आमच्या सकाळच्या कट्ट्यावर किस्से साठतात. मुदत संपली का ते कळत नाही, आणि टाकवतही नाहीत. गेल्या वर्षीचे सगळे नरसय्याच्या पायांचे!

नरसय्या आमचा मित्र. सोलापुरात अक्कलकोट रोडला त्याचे टॉवेलचे माग होते. पंचाहत्तरीनंतर त्याला हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठता येईना. पुण्याच्या मुलाने, श्रीनिवासने, फोनवर सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर आईला आणि तुम्हाला इकडे घेऊन येणार.

नरसय्याचा चेहरा उतरला. "तितं मी बोलू कुणाशी? लिफ्टशी?"

एवढं ऐकलं आणि आम्ही पेटलोच!

कट्ट्यावरच्या बशीरभाईंचं सात रस्ता चौकात स्पेअर पार्टचं दुकान. त्यांनी पुतण्याच्या जिममधून व्हॅनिला प्रोटीन पावडर आणली, डबा रंगाच्या डब्याएवढा. मी रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेला; लेबल पुन्हा पुन्हा वाचलं, तरी छातीठोक काही सांगवेना. नरसय्याला गोड दूध आवडत नाही, म्हणून त्याच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, ती पावडर भाकरीच्या पिठात मळली. भाकरी तव्यावरच विस्कटली. त्याने ते तुकडे शेंगाचटणीशी खाल्ले. कसं लागलं विचारलं तर म्हणाला, "आइस्क्रीमला लसणाची फोडणी दिल्यागत."

मग तपासणीत त्याचं डी जीवनसत्त्व कमी निघालं. बशीरभाई हादरले. "सोलापुरात राहून ऊन कमी पडलं? रिपोर्ट कुणाला दाखवू नका, गावाची अब्रू जाईल."

मी दोघांना कोवळ्या उन्हात बसायला बोलावलं. दोघे आले ते पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून, डोक्यावरून टॉवेल घेऊन, आणि बसले लिंबाच्या सावलीत. कारण काय, तर ऊन लागतं!

शेवटी तोवर ज्याने त्याने आणून दिलेल्या सगळ्या गोळ्या आणि पावडरी पिशवीत भरून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, "हे सगळं घेतल्यावर जेवायला जागा उरते का?"

डी आणि बी-बारा ठेवून बाकी सगळं बंद केलं. घट्ट वरण, दही, अंडी खा म्हणाले, आणि रोज खुर्चीतून उठबस करा. नुसत्या गोळ्यांवर पाय उभे राहत नाहीत म्हणे. मला वाटलं, हे मलाच आधी सुचायला हवं होतं. पण सुचलं असतं तरी मी सांगितलं असतं का, कोण जाणे.

नरसय्याला एकट्याला लाज वाटायची, म्हणून आम्ही तिघेही कट्ट्याशेजारच्या टपरीच्या खुर्च्यांवर उठबस करू लागलो. टपरीवाला गोंधळला. आम्ही उठलो की कप उचलायचा, बसलो की नवा चहा आणून ठेवायचा.

दिवाळीला श्रीनिवास आला. सणाच्या जेवणाला आम्हीही होतो. त्याने वडिलांना खुर्चीत बसवलं आणि हात छातीशी घ्यायला सांगितले. नरसय्या क्षणभर पुढे झुकला आणि उठला. सरळ! बशीरभाईंनी टाळी वाजवली, लक्ष्मीबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मग सगळ्यांची पंगत खाली जमिनीवर बसली. त्यांच्याकडे सणाला तशीच पद्धत. जेवण झालं. नरसय्या उठला, आम्हीही कसेबसे उठलो. श्रीनिवास बसूनच. त्याने एक हात जमिनीला टेकला, मग भिंतीला, आणि शेवटी वडिलांपुढे धरला.

नरसय्याने त्याला ओढून उभं केलं. हात सोडला नाही.

"मग," तो म्हणाला, "कवा येतोस हितं ऱ्हायला?"