घणदादाची पाठ आणि बारा इंची चाकं

घणदादाने आयुष्यात पहिला दात पाडला तो स्वतःच्या वर्गशिक्षकांचा, आणि तोही चुकून. नेम शेजारच्या पोरावर होता, मास्तर मध्ये आले. पुढचे सगळे दात मात्र त्याने नेम धरूनच पाडले.

धंदा म्हणाल तर खोल्या रिकाम्या करून देण्याचा. शेठ जुन्या इमारती विकत घ्यायचा. आत माणसं असायची, आणि माणसांना राहत्या घराबाहेर निघायला जिवावर येतं. मग घणदादा जायचा. आधी दार, मग भांडीकुंडी, मग माणूस, असा त्याचा क्रम ठरलेला. दार उघडं असलं तरी तो आधी दारच फोडायचा. कामाला शिस्त हवी. त्याची बायको मात्र चारचौघींत मान वर करून सांगायची, "ह्यांचं फिरतीचं काम आहे."

या शिस्तीनेच एकदा घात केला. एका खोलीचं दार खांद्याने उडवायचं म्हणून घणदादा जिन्यापासून धावत सुटला, आणि नेमक्या त्याच क्षणी आतल्या बाईने कचरा टाकायला दार उघडलं. घणदादा तिच्या बाजूने सणसणत आत गेला, पलंगाला अडखळून गरकन फिरला आणि समोरच्या भिंतीत पाठमोरा रुतला. कमरेत कट्ट झालं. बाई म्हणाली, "कोण हवंय?"

त्या दिवसापासून मणका सरकला तो सरकलाच. घणदादाची स्कूटर जुनी, चाकं वाटीएवढी, स्प्रिंगा कधीच्या मेलेल्या. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा माकडहाडातून शिरायचा आणि टाळूतून बाहेर पडायचा. ठिकाणावर पोचेपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. अशा माणसाने मारायचं कोणाला आणि कसं?

सगळ्यात वाईट गल्ली होती शिंप्याची. टोकाला शेठची इमारत, तिच्यात शिंपी, प्लंबर, एक दाई आणि अशी बरीच बिऱ्हाडं, आणि कोणीच हलायला तयार नाही. गल्लीत रस्ता कमी आणि खड्डे जास्त. घणदादा तिथे पोचायचा तो भिंत धरून. शिंप्याची म्हातारी आई त्याच्यासाठी स्टूल बाहेर आणून ठेवायची. "बस बाबा. धमक्या काय, बसूनही देता येतात." घणदादा बसायचा, कण्हायचा, पाणी प्यायचा आणि आणखी आठ दिवसांची मुदत देऊन परत जायचा.

गल्ली काही खुळी नव्हती. आपले खड्डे हेच आपले राखणदार, हे तिने बरोबर ओळखलं. रस्ता दुरुस्त करायला डांबराची गाडी आली, तेव्हा बायकापुरुष गच्चीवर चढले आणि असा दगडांचा वर्षाव केला की एका मजुराचं कपाळ फुटलं, गाडीची काच गेली, आणि मुकादम अर्धं डांबर तिथेच सोडून पळाला. खड्डे बुजवू देत नाही म्हणून दगड मारणारी ही जगातली पहिली गल्ली असावी.

ही बातमी शेठच्या कानावर गेली. त्याने घणदादाला बोलावून घेतलं. बाजूच्या खुर्चीवर मेव्हणा बसलेला. घणदादाच्या बायकोचा धाकटा भाऊ. हा घणदादाच्याच घरी राहायचा, घणदादाच्याच ताटातलं खायचा आणि अलीकडे घणदादाच्याच धंद्यात हात चालवू लागला होता.

"घण," शेठ म्हणाला, "तू तिथे मारायला जातोस की पाठ शेकायला?"

"शेठ, जरा रस्ता..."

"या महिन्यात इमारत रिकामी हवी. नाही झाली तर पुढची सगळी कामं याच्याकडे."

मेव्हणा नम्रपणे खाली बघत म्हणाला, "भाऊजी, खरंच आता आराम करा. मी आहे ना."

हे ऐकून घणदादाचा हात शिवशिवला, पण वाकल्याशिवाय मेव्हण्याच्या थोबाडापर्यंत पोचता येत नव्हतं, आणि वाकता येत नव्हतं. घरी मेव्हणा आधीच मोठ्या पलंगावर झोपत होता. आता धंदाही गेला, तर उद्या आपल्याच घरात आपण सतरंजीवर, हे त्याला लख्ख दिसलं.

तो तडक फिटरबाईकडे गेला. फिटरबाई म्हणजे गावातली सगळ्यात तिखट जिभेची आणि सगळ्यात भरवशाच्या हाताची. घासाघीस करणाऱ्याला ती पाना फेकून मारायची. नेम चुकला तर पाना परत आणून द्यायला लावायची. तिने स्कूटरचं सीट दोन्ही हातांनी दाबलं. ते खाली गेलं आणि खालीच राहिलं.

"दादा, ही स्कूटर नाही, जातं आहे. तुम्ही वर बसता आणि स्वतःचे मणके दळता."

"काय करता येईल?"

"ही दहा इंची चाकं काढून फेका. बारा इंची बसवते, म्हणजे खड्ड्यात पडायच्या ऐवजी चाक वरून जाईल. मागे गॅसचे शॉकअप, पुढे नवे रबरी बुश. मडगार्ड थोडं कापावं लागेल."

"कापा. हवं तर मला कापा, पण पाठ वाचवा."

"तुम्हाला कापायला गावात रांग आहे, मी कशाला मध्ये घुसू?"

तिने काम केलं ते मन लावून. मग त्याला वर बसवलं, स्प्रिंगखालचं दातेरी कडं थोडं थोडं फिरवत त्याच्या वजनाला स्प्रिंग जुळवली आणि गॅरेजसमोर विटांची ओळ मांडून त्यावरून त्याला घालवलं. घणदादा विटांवरून गेला, वळला, परत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दुखलं?" फिटरबाईने विचारलं.

"नाही हो बाई. काहीच नाही दुखलं."

"बरं, ऐका. हे तुमच्या एकट्याच्या वजनावर बसवलंय. मागे कोणाला घ्यायचं असलं तर आधी इथे यायचं, मी कडं फिरवून देईन. नाहीतर मोठा गचका बसला की स्प्रिंग पार तळाला टेकेल आणि सगळा दणका तुमच्या कमरेत."

दुसऱ्या दिवशी घणदादा गल्लीत शिरला तो लोण्यातून सुरी गेल्यासारखा. म्हातारीने सवयीने स्टूल बाहेर आणलं. त्याने ते लाथेने असं उडवलं की समोरच्या पायरीवर त्याचे तुकडे झाले. मग वर जाऊन शिस्तीप्रमाणे शिंप्याचं दार. दारानंतर शिलाई मशीन, ते त्याने डोक्यावर उचललं (किती महिन्यांनी काहीतरी डोक्यावर उचललं होतं!) आणि गॅलरीतून खाली टाकलं. शिंपी मध्ये आला, तेव्हा त्याचा हात धरून कपाटाच्या फटीत घातला आणि कपाटाचं दार लोटलं. दोन बोटं सुकी काटकी मोडावी तशी मोडली. म्हातारीने घणदादाच्या दंडाचा असा कडकडून चावा घेतला की रक्त आलं. त्याने हात झटकला, ती कपाटाच्या कोपऱ्यावर आदळली आणि तिची भुवई फाटली. जाता जाता जिन्यात प्लंबरच्या जबड्यावर एक ठेवून दिली. प्लंबर बिचारा नळाला पाणी का येत नाही हे बघायला निघाला होता.

परत जाताना घणदादा शीळ घालत होता. किती हलकं वाटत होतं त्याला!

ती सगळी गल्ली मलमपट्ट्या बांधून फिटरबाईच्या दारात जमली. "तुझ्या स्प्रिंगांनी केलंय हे!" दाई ओरडली.

"स्प्रिंगांनी नाही, हातांनी केलंय. हात मी बसवलेले नाहीत," फिटरबाई म्हणाली आणि पाना उचलला. लोक पांगले. पण त्या दिवशी तिने पुढचं गिऱ्हाईक घेतलं नाही, असं शेजारचा पंक्चरवाला सांगतो. आणि पंक्चरवाला तिच्याबद्दल चांगलं काही सहसा सांगत नाही.

गल्लीने मग भर दुपारी पहारी काढल्या. खड्डे पुरत नसतील तर चर. इमारतीच्या अलीकडे रस्ता आडवा खणून काढला, माती घरात नेली, वर गोणपाट टाकून धूळ पसरली.

इकडे शेठला एका दिवसात अख्खी इमारत रिकामी हवी होती. "एक घर फोडलंस, बाकीची? उद्या दोघं जा. संध्याकाळपर्यंत सगळे रस्त्यावर दिसले पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी मेव्हणा हातात साखळी गुंडाळून स्कूटरपाशी उभा. घणदादा म्हणाला, "थांब. आधी फिटरबाईकडे जाऊन येऊ."

"कशाला?"

"कडं फिरवायचंय. मागे माणूस बसला की..."

मेव्हणा फिस्सकन हसला. "भाऊजी, स्कूटरला मी पेलत नाही, की तुम्हाला?"

झालं. माणसाने फिटरचं ऐकावं की मेव्हण्याचं, याचं उत्तर साऱ्या दुनियेला ठाऊक आहे. पण मेव्हण्याने डिवचल्यावर आजवर कोणाला ते आठवलंय? "बस मागे," घणदादा म्हणाला आणि गाडी सुसाट सोडली.

गोणपाट फाटलं. एकट्याच्या वजनाला कदाचित चाक उसळून बाहेर आलं असतं. दोघांच्या वजनाने स्प्रिंग तळाला टेकली आणि लोखंडावर लोखंड आपटलं. तो दणका घणदादाच्या कमरेत तलवारीसारखा गेला. हँडल सुटलं. मेव्हणा त्याच्या डोक्यावरून उडाला आणि हनुवटी घासत पार इमारतीच्या पायरीपर्यंत गेला. घणदादा पडला तिथेच पडून राहिला. गाल रस्त्यावर, पाय असून नसल्यासारखे.

दारं उघडली. सगळी एकदम.

मेव्हण्याच्या हातात साखळी होती, म्हणून आधी तो. त्याने ती एकदा फिरवली, दाईच्या खांद्याला लागली. दुसऱ्यांदा फिरवायला मिळाली नाही. काठ्या, पहारी, झाडूचे दांडे, जे हाताला लागेल ते. लोकांनी आयुष्यात कधी कोणाला मारलेलं नव्हतं, आणि नवशिक्याचा मार हा सगळ्यात वाईट. त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. मेव्हण्याचं नाक बसलं, कान फाटला, तो गुडघ्यांवर आला, आणि जबडा बांधलेल्या प्लंबरने लोखंडी पाइप दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला.

"डोक्यात नको!" घणदादा जमिनीवरून ओरडला.

पाइप हवेत थांबला.

"काय म्हणतोय?"

"डोक्यात नको म्हणतोय."

"का रे?" शिंपी पुढे आला. बँडेज बांधलेला हात त्याने छातीशी धरला होता. "आम्हाला मारताना काय बघत होतास?"

"मी बघूनच मारतो," घणदादा धापा टाकत म्हणाला. "तिथे मारलंत तर मरेल तो. मग तुम्ही सगळे तुरुंगात, आणि शेठला इमारत फुकटात रिकामी. मांडीवर मारा. तिथे मांस असतं."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलणं पटण्यासारखं होतं. पाइप मांडीवर उतरला. मेव्हणा गुरासारखा हंबरला.

"जरा वर. गुडघ्याला लावू नका, माणूस जन्माचा लंगडा होतो. हां. बरगड्या सोडा. ए, काठीवाल्या, कमरेच्या खाली!"

"भाऊजी!" मेव्हणा रक्त थुंकत किंचाळला, "तुम्ही आहात तरी कोणाच्या बाजूने?"

"तुझ्याच. गप पडून राहा."

घणदादा त्याच्या हिशेबाने सांगत गेला आणि गल्ली तसतसं मारत गेली. शेवटी तो म्हणाला, "पुरे. आता बेशुद्ध पडेल." आणि मेव्हणा पडला.

मग सगळे घणदादाकडे वळले. त्याच्या पाठीचं गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं? प्लंबरची नजर थेट त्या पाठीवरच खिळली होती. तिथे एकच पाइप पुरे होता. घणदादा परत कधी उभा राहिला नसता.

"आणि तुला रे कुठे मारू?" शिंप्याने विचारलं.

घणदादा मांडी म्हणाला असता तरी ऐकलं नसतं त्यांनी. ते त्यालाही कळत होतं. त्याने उजवा हात हळूहळू अंगाखालून काढला आणि रस्त्यावर पालथा पसरला. दारं, भांडी, जबडे, सगळं या एका हाताने केलेलं.

"हा घे. पाठ सोड."

शिंप्याच्या हाताला बळ नव्हतं. म्हातारी आत गेली आणि दुकानातली जड लोखंडी इस्त्री घेऊन आली. भुवईवरची पट्टी रक्ताने भिजलेली. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली.

"कुठे मारायचं?"

"बोटांच्या मुळाशी. एकदाच, पण सगळं बळ लावून. हळू मारलंस तर दोनदा मारावं लागेल."

म्हातारीने इस्त्री दोन्ही हातांनी वर उचलली. तो आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. घणदादाने पोटातलं सगळं रस्त्यावर ओकलं. म्हातारी उठली, इस्त्री पदराला पुसली आणि दाईला म्हणाली, "याला बांधायला काहीतरी आण गं."

इस्पितळात दोघांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. शेठ काही आला नाही. त्याने दुसऱ्या गावातून दुसरा कोणी बोलावल्याचं ऐकू आलं. त्या दुसऱ्याने गल्लीबद्दल ऐकलं आणि तो आलाच नाही, असंही ऐकू आलं. घणदादाच्या हातावरचं प्लास्टर निघालं तेव्हा बोटं मिटेनात. मूठच वळेना, तर घण कसला?

पण ते पुढचं. पहिल्याच दिवशी बायको डबा घेऊन आली, दोन खाटांच्या मध्ये स्टूल ओढून बसली आणि आधी भावाला भरवू लागली. बराच वेळ तिने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. वॉर्डातले बाकीचे रोगी दुखणं विसरून कान टवकारून बसले.

"माझ्या भावाला कुठे मारायचं ते तुम्ही सांगत होतात म्हणे?"

"सांगितलं म्हणून खातोय ना तो."

मेव्हण्याच्या सुजलेल्या तोंडातून अर्धा घास बाहेर आला, तो तिने पुसला. मग वळली, तोच चमचा भरला आणि नवऱ्याच्या तोंडापुढे धरला. घणदादाने निमूटपणे आ केला. घास चांगलाच कढत असावा, कारण त्याचे डोळे भरून आले. आणि पुढच्या चमच्यावर तिने फुंकर घातली की नाही, याबद्दल त्या वॉर्डात अजून दोन मतं आहेत.