चार टायरांसाठी एक फोटो

मी बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात फोटोंखालच्या ओळी लिहिल्या. फोटो एकही काढला नाही. (दुसरं वाक्य मी घरी कधी बोललो नव्हतो.)

त्यामुळे आमची मुलगी रेवती हुणसूर रस्त्यालगतच्या मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवणार असं ठरलं, तेव्हा फोटोचं काम माझ्याकडे आलं. तिच्या गाडीचे टायर तिच्या बापाच्या टकलाइतके गुळगुळीत झाले होते. मेटगळ्ळीत वर्कशॉप चालवणारे सावंतमामा नवे द्यायला तयार होते, पण अटीवर.

"गाडीच्या दारावर माझं नाव रंगवलंय. धावत्या गाडीच्या फोटोत ते वाचता आलं पायजे. आलं, तर चार टायर माझे. नाही तर साकु, बस्स! पुढची शर्यत विसरायची."

"अप्पा पेपरातले आहेत, मामा!" रेवती म्हणाली. मी गंभीरपणे मान हलवली.

सरस्वतीपुरममधल्या एका स्टुडिओवाल्याने लांब लेन्स दिली. लांबी मुसळाएवढी, वजनही तेवढंच. सोबत एका पायाचा स्टँड आणि एक सल्ला. "सार, गाडीबरोबर कमरेतून वळा. अजिबात झटका नको. गाडी स्पष्ट येईल, मागचं सगळं पुसट."

मी संध्याकाळी गेटपाशी सराव केला. पहिल्याच वळणात तुळशीशेजारच्या दोन कुंड्या गेल्या. माझी पत्नी मालती रोजच्याप्रमाणे गेटवर उभी होती. रस्त्यावरून स्कूटर गेली की तिची मान या टोकापासून त्या टोकापर्यंत सोबत जाते. मागे कोण बसलं होतं, साडी कुठली, पिशवीत काय, सगळा अहवाल तयार!

"अहो, कुंड्या नका फोडू. नोडि, बघा, ती शांता चालली. मागे नणंद. भांडण मिटलं वाटतं."

शर्यतीत प्रत्येकाला मध्ये थांबा घेत तीन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत मी बारा फोटो घेतले. बाराही फोटोंत धूळ होती. उत्कृष्ट, सुस्पष्ट धूळ!

"माझं नाव कुठाय?" मामांनी विचारलं.

"धुळीच्या पलीकडे."

दुसऱ्या फेरीला मी सगळा जीव लावून कमरेतून वळलो. गाडी सुटली, लेन्स मात्र सावंतमामांच्या कॉफीच्या लोट्यावर आदळली. लोटा उडाला आणि कॉफी ट्रॅकच्या मुख्य पंचांच्या पांढऱ्या शर्टावर आली. मी कॅमेरा शेजारी उभ्या मालतीच्या हाती देऊन माफी मागायला धावलो, तर पायात अडकून त्यांच्या खुर्चीची छत्रीही पडली.

"यार्री हे? कोण आहेत हे? त्यांना पलीकडे पाठवा!" पंच कडाडले.

दोन स्वयंसेवकांनी मला ट्रॅकच्या पलीकडे, कुंपणामागच्या गर्दीत नेऊन सोडलं. कॅमेरा अलीकडे, मालतीच्या हातात. आणि रेवतीची शेवटची फेरी सुरू झाली.

"मालती! कमरेतून! झटका नको! बटण उजवीकडे!" मी दोन्ही हात हलवून ओरडत होतो. इंजिनांच्या आवाजात ते मलाही ऐकू येत नव्हतं. गाडी वळणावरून सुसाट आली. समोर मालतीची मान या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद वळली, आणि सोबत लेन्सही.

धावत तिथे पोहोचलो, तर मामा कॅमेऱ्याच्या मागे डोळे फाडून उभे. पडद्यावर त्यांचं नाव होतं, त्याखाली 'मेटगळ्ळी', आणि खिडकीत ओठ चावलेली रेवती. दारावरचा ओरखडासुद्धा मोजता येत होता!

"चार नाही, पाच टायर!" मामा गरजले. "एक स्टेपनीला!" रेवतीने हेल्मेटसकट आईला मिठी मारली.

"अय्यो, यात काय एवढं?" मालती म्हणाली. "शांताची स्कूटर याहून जोरात जाते."

तो फोटो आता वर्कशॉपच्या भिंतीवर मोठा करून लावलाय. खालची ओळ अर्थात मी लिहिली आहे. ती पूर्ण अचूक आहे: 'चालक: रेवती. छायाचित्र: मालती. गाडीच्या मागचा पुसट, आडवा, करडा फराटा: सूचना देताना अप्पा.'