‘असेन’ नसलेला काळ

नवऱ्याने आपलं दुखणं मला इंग्रजीत सांगितलं, हे मला अजून पचलेलं नाही.

आमच्या घरात इंग्रजी माझं. महाल भागातल्या एका शाळेत मी जन्मभर तेच शिकवलं. निवृत्त होऊन धरमपेठेत फ्लॅटमध्ये राहायला आलो, तरी कोणी चुकीचं बोललं की माझी जीभ वळवळतेच. हे कन्हानला कोळसा खाणीच्या ऑफिसात होते. त्यांचं सगळं मराठी-हिंदीवर भागलं. “घरात इंग्रजीची मास्तरीण असली का माणूस मुका होते,” असं ते पाहुण्यांना सांगत आणि वर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत.

असा हा माणूस एके सकाळी म्हणाला, “मले तो फ्यूचर परफेक्ट शिकव वं.”

मी चहाचा कप खालीच ठेवला. मुलगा परदेशात, सूनही तिकडचीच. तिला मराठी येत नाही, म्हणून व्हिडिओ कॉलवर हे नुसते हात हलवत बसतात. मला वाटलं, आली शेवटी अक्कल.

“सूनबाईशी बोलायचं तर ‘हाऊ आर यू’पासून सुरू करा ना. एकदम हाच काळ काहून?”

“मले तोच पाहिजे.”

मग काय, मी पदर खोचला. विल हॅव आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. रूपं त्यांना पटापट आली, पण वाक्य करताना गाडी अडली. त्या दिवशी दूधवाला आला नव्हता. तो कालच गावी गेला असेल, हे त्यांना सांगायचं होतं. ते म्हणाले, “ही विल हॅव गॉन येस्टरडे.”

मी पोट धरून हसले. ही चूक माझ्या वर्गात दर वर्षी व्हायची, अगदी हुशार पोरींकडूनसुद्धा.

“अहो, आपलं ‘गेला असेल’ म्हणजे अंदाजपंचे. गेला असेल, नसेलही. इंग्रजीतलं तसं नाही. पुढचा एक दिवस धरायचा. तो दिवस उजाडेल तेव्हा गोष्ट होऊन चुकलेली. शंकेला जागाच नाही.”

“पक्कं?”

“एकदम पक्कं.”

त्यांनी हळूच मान डोलावली. इतका शहाणा विद्यार्थी मला शाळेतही मिळाला नव्हता, असं मी मनात म्हणाले. मग त्यांना म्हटलं, आता तुमचं तुम्ही एक वाक्य करा. मुलगा पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे ना, त्याच्यावरच करा.

ते खुर्चीत ताठ बसले. एकेक शब्द तोलत म्हणाले, “बाय द टाइम माय सन कम्स, आय विल हॅव फरगॉटन हिज नेम.”

“शाब्बास! तिसरं रूप बरोबर,” मी म्हणाले. खरंच म्हणाले. आणि लगेच डाफरलेही, “पण पोराचं नाव विसरायचं, असं अभद्र काय बोलता? सगळे आंबे खाऊन टाकलेले असतील, असं काहीतरी करायचं.”

ते हसले नाहीत.

“मागं मी कन्हानले दोस्ताकडं जातो म्हणलं, पण तिथं नव्हतो गेलो,” ते म्हणाले. “डॉक्टरकडं गेलो होतो. मेंदूचा फोटो काढला त्यायनं. डोक्यातलं एकेक पुसल्या जाईन म्हणे.”

समोर पोह्याची बशी होती, तिच्यातले दाणे मला दिसत होते, पण हा माणूस काय बोलतोय ते डोक्यात शिरत नव्हतं. आणि शिरलं तेव्हा आधी संतापच आला.

“आणि हे तुम्ही मला असं सांगता? इंग्रजीत? बायको आहे मी तुमची!”

“मराठीत तोंडातून निघतच नव्हतं वं. ‘विसरलो असेन’ म्हटलं असतं, त तू म्हणली असती, असेन काय, नसेनही.”

म्हणाले असते. नक्कीच म्हणाले असते आणि कपबशा उचलून आत गेले असते.

“अहो, तसं इंग्रजीतही कधीकधी अंदाजाला विल हॅव चालतं,” मी घाईघाईने म्हणाले. “मी आपलं सोपं करून सांगितलं. व्याकरणात अपवाद असतात.” उभ्या आयुष्यात पोरांनी अपवाद सांगितला की मी त्यांना गप्प बसवत आले, आणि आता त्याच अपवादाला लोंबकळत होते.

“नाही वं,” ते म्हणाले. “डॉक्टरनं पक्कंच सांगतलं.”

मी फोन ओढून मुलाला लावला. तिकडे किती वाजले, बघितलंही नाही. उन्हाळ्याची वाट बघू नकोस, लवकर ये, एवढंच कसंबसं बोलले आणि रडायलाच लागले. यांनी माझ्या हातून फोन घेतला. तिकडून पोरगं घाबरून विचारत होतं, “बाबा, काय झालं? आई रडून काहून राहिली?”

“काही नाही गा,” हे म्हणाले. “तुझी आठवण येऊन राहिली. येऊन राहिली तवरच ये.”